बोच्या माझ्यावर उभा राहायचा

मी एक जुना लाकडी खोका आहे. मित्रांनो, हसू नका. हल्ली खोका म्हटलं की मोठी माणसं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसतात. तो खोका मी नव्हे. माझ्यात फक्त सफरचंदं होती, आणि तीही थोडी डागाळलेली.

माझा जन्म हिमाचलात झाला. पाइनच्या फळ्या, चार कोपऱ्यांना चार दांडे आणि मूठभर खिळे, एवढीच माझी संपत्ती. ज्याने मला ठोकलं तो कारागीर त्या वेळी शेजाऱ्याशी गप्पा मारत होता, म्हणून माझा एक खिळा जरा वाकडाच बसला. माझ्या पोटात गवत घातलं, गवतावर सफरचंदं निजवली, आणि घाट उतरून आम्ही सगळे दिल्लीला निघालो. आझादपूरच्या मंडीत मला ट्रकमधून असं आपटलं की माझी ओळख दिल्लीशी एकदम पक्की झाली. तिथून मी करोल बागेत एका फळवाल्याच्या गाडीवर आलो. सफरचंदं विकली गेली आणि मी रिकामा झालो.

दिल्लीच्या थंडीत रिकाम्या खोक्याचं पुढे काय होतं, ते तुम्ही फूटपाथवर पाहिलं असेल. चार माणसं हात शेकत बसतात, मध्ये आम्ही असतो. त्या संध्याकाळी फळवाल्याने माझ्याकडे बघितलं, तशी मी समजलो. पण त्याच वेळी शेजारच्या दुकानात एक माणूस गाडीला नवी सीट कव्हरं घालून घेत होता. त्याला वाट बघत बसायला काही नव्हतं. तो माझ्यावर बसला. त्याने जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलून बघितलं.

"भैया, ये पेटी तो चूँ तक नहीं करती," तो म्हणाला.

माझं झालेलं हे पहिलं कौतुक. वाकडा खिळा मी श्वास रोखून धरला होता, हे त्याला काय माहीत! फळवाला म्हणाला, ले जाओ. आणि मी सीट कव्हरांच्या वासात, डिकीत बसून, यमुना ओलांडून नोएडाला गेलो.

त्या माणसाचं नाव अनुराग. तो आवाजाचा माणूस होता, म्हणजे साउंड इंजिनियर. नोएडात एका इमारतीत कार्टून मालिका बनायच्या, आणि तळमजल्यावर त्या मालिकांना निरनिराळ्या भाषांतले आवाज दिले जायचे. एका छोट्या खोलीत माइक, समोर पडदा, आणि मोठ्या काचेपलीकडे अनुराग, त्याची बटणं आणि त्याचा चहा. त्या खोलीत कशाचाही आवाज होऊन चालत नसे. बांगड्या बाहेर, किल्ल्या बाहेर, भुकेलं पोटसुद्धा बाहेर. मला आत घेण्याआधी अनुरागने माझ्या पोटात फोम कोंबला आणि अंगावर जुनी रजई ठोकली. सफरचंदांनंतर इतकं मऊ मला कुणी वागवलं नव्हतं.

माझं काम काय, तर लहान कलाकारांना उंच करणं. तुम्ही म्हणाल, माइकच खाली घ्या की. पण अनुरागचा एक नियम होता. साळिंदर-बाबांचा आवाज देणारे गृहस्थ चांगले ताडमाड उंच होते आणि माइक त्यांच्या तोंडापाशी एकदाचा छान बसला होता. त्यानंतर अनुराग म्हणायचा, "माइक नहीं हिलेगा. बंदा हिलेगा."

साळिंदर-बाबा कोण, ते सांगतो. मालिकेचं नाव होतं 'जरा सरकून बसा'. त्यात एक साळिंदरांचं कुटुंब दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतं. घरात एकच सोफा. कुणी कुणाच्या जवळ बसलं की काटे टोचतात, लांब बसलं की जागा पुरत नाही. मोठी मुलगी टोची, धाकटा मुलगा बोच्या. दोघं सकाळी बाथरूमवरून भांडतात, दुपारी रिमोटवरून, रात्री पांघरुणावरून. भागाच्या शेवटी सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसतात आणि एकदम ओरडतात, "आई गं!" इतकीच गोष्ट. पण लहान मुलं पोट धरून हसत, कारण सगळ्यांच्याच घरी सोफा एकच असतो.

मूळ मालिका हिंदीत. मराठी संवाद लिहायचं आणि आवाज करून घ्यायचं काम अरुणाताईंकडे होतं. त्या दिल्लीतच वाढलेल्या. मुंबईची माणसं त्यांना फोनवर विचारायची, नोएडात मराठी मुलं मिळतात का हो? त्या म्हणायच्या, "मुलं मिळतात. मराठी आम्ही घालतो."

त्यांना टोची आणि बोच्या सापडले ते कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या सदनात, जेवणाच्या रांगेत. ही गोष्ट त्यांनी अनुरागला माझ्यावर पाय ठेवून सांगितली, म्हणून मला ठाऊक.

"आई, बघ ना! ताईने माझा वडा घेतला!"

"नाव लिहिलंय का तुझं त्याच्यावर?"

"तू पक्की चीटर आहेस, यार."

"आणि तू रडका. बघ, बघ, आता ओठ बाहेर काढेल. काढला!"

आणि मग त्या मुलीने भावाची अशी हुबेहूब नक्कल केली, की रांगेतल्या लोकांना क्षणभर कळेना, नेमकं रडतंय कोण. अरुणाताई मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी भांडण संपेपर्यंत ऐकून घेतलं, आणि मगच आईवडिलांना नमस्कार केला.

आई कौसल्याबाई, वडील दादाराव. अमरावतीकडचे. दादाराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मोठी श्रावस्ती, धाकटा बुद्धभूषण. त्याला घरात सगळे भूषणच म्हणत. दादारावांनी आधी जरा विचार केला.

"जयभीम ताई, तुमचं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण ही दोघं घरी भांडतात ते आम्ही बंद करायला बघतो. आणि तुम्ही तेच शिकवणार?"

"शिकवायचं काही नाही हो," अरुणाताई म्हणाल्या. "फक्त एकेकाने भांडायचं, एवढं शिकवावं लागेल."

ते खरंच होतं, मित्रांनो. तुम्हाला वाटेल टोची आणि बोच्या समोरासमोर उभे राहून भांडत असतील. तसं नसतं. आवाज एकेकाचा घेतात. आधी श्रावस्ती यायची, माझ्यावर उभी राहायची, पडद्यावरच्या टोचीच्या तोंडाकडे बघत भांडून घ्यायची आणि खाली उतरायची. मग भूषण यायचा. त्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये ताईचा आवाज यायचा, आणि तो त्या आवाजाला उत्तर द्यायचा. ताई तेव्हा बाहेर बाकावर सामोसा खात असायची. आणि अनुराग बटण दाबून थांबवू शकत असे, हे त्या भांडणात विशेष. दादाराव म्हणायचे, असं एक बटण आमच्या घरी हवं होतं.

माझ्यावर उभ्या असलेल्यांची तोंडं मला दिसत नसत. मला तळवे कळत. श्रावस्तीचे तळवे थंड आणि शहाणे. ती जीव ओतून बोलायला लागली की तिची उजवी टाच हळूच वर उचलली जायची. भूषणचे तळवे मात्र गरम, घामट आणि चुळबुळे. बोच्या जिन्यावरून पडला की हाही माझ्यावर उडी मारायचा.

"अरे माझ्या राजा, उडी आवाजात मार," अरुणाताई काचेपलीकडून म्हणायच्या. "खोक्यावर नको."

"मावशी, बिना उडी मारता फीलिंगच नाही येत."

"'उडी मारल्याशिवाय' म्हण. आणि मारू नकोस."

काही वर्षं अशी मजेत गेली. शाळांमधून मुलं बघायला येत. कुणी श्रावस्तीबरोबर फोटो काढी, कुणी भूषणला बोच्याचं रडणं करून दाखवायला लावी. एका मुलीने तर माझ्याबरोबर फोटो काढला. मी तेव्हा रजईतल्या रजईत फुगलो होतो. भूषणला शाळेतही सगळे बोच्याच म्हणायचे. हजेरीला सर 'बुद्धभूषण' म्हणाले की तो मागे वळून बघायचा. बोच्या हे त्याचं सगळ्यात आवडतं काम नव्हतं, मित्रांनो. बोच्या तो स्वतःच होता, असं त्याला वाटायचं.

चित्रातल्या भावंडांचं एक बरं असतं. त्यांची पावलं वाढत नाहीत. बोच्या पहिल्या भागात आठ वर्षांचा होता आणि इतक्या भागांनंतरही आठच वर्षांचा. भूषणचे अंगठे मात्र आता माझ्या कडेबाहेर यायला लागले होते. मी ते कुणाला सांगू शकत नव्हतो.

मग त्या वर्षीची दिवाळी झाली आणि दिल्लीवर धूर उतरला. समोरची इमारत दिसेना. सगळ्यांचे डोळे लाल, सगळे खाकरताहेत. आणि रेकॉर्डिंगच्या एका टेकला भूषण "टोचे, माझं पांघरूण" म्हणाला, त्यातलं 'पांघरूण' मध्येच फाटलं. अर्धं बोच्याचं, अर्धं कुणा काकांचं.

"पोल्यूशन," अनुराग म्हणाला.

"प्रदूषण," दादाराव म्हणाले. ते त्या दिवशी नाकावर मोठा मास्क लावून आले होते. "आमच्या मोठ्या साहेबांचासुद्धा आवाज बसलाय. फाइली अडकून पडल्यात."

"अहो, साहेबांचा आवाज बसला तर फाइली कशाला अडकतील?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"सही आवाजाने करतात का ते? पण कारण लागतं ना काहीतरी."

दिल्लीत घशाला काहीही झालं की हवेचं नाव घ्यायची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मालिकेचा एकच भाग राहिला होता, शेवटचा. अरुणाताईंनी रेकॉर्डिंग पुढे ढकललं. हवा सुधारली की आवाज सुधारेल, असं ठरलं. घरी हवा शुद्ध करायचं यंत्र आलं. ज्येष्ठमध आलं, हळदीचं दूध आलं, वाफ आली. कौसल्याबाईंनी भूषणला घरात बोलायचीच बंदी केली.

श्रावस्ती तक्रार घेऊन आली. "आई, तो मला मेसेजवर शिव्या देतोय."

"देऊ दे. गळ्याला आराम आहे ना?"

हे सगळं कौसल्याबाईंनी बाकावर बसून अनुरागला हिंदीत सांगितलं, आणि अनुराग इतका हसला की त्याचा चहा माझ्या रजईवर सांडला. तो डाग अजून आहे.

पण श्रावस्ती हसत नव्हती. त्या दुपारी आईवडील भूषणला घेऊन गाडी काढायला गेले, तेव्हा ती माझ्यावर येऊन बसली. अरुणाताई कागद आवरत होत्या.

"मावशी, हे पोल्यूशन नाहीये."

"मग काय आहे?"

"त्याची पँट बघा ना. दिवाळीलाच घेतली होती, आता आखूड झालीय."

अरुणाताईंनी कागद खाली ठेवले. "मला कळलंय गं. पण त्याला कोण सांगणार?"

"मी नाही. त्याला वाटेल मी चिडवतेय."

"आजवर दुसरं काय करत आलीस?"

"ते वेगळं, मावशी," ती म्हणाली. "हे खरं आहे ना."

 मग अरुणाताईंनी सांगितलं की वाहिनीवाल्यांचा निरोप आलाय. या आठवड्यात शेवटचा भाग झाला नाही, तर बोच्या मुंबईत दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात होईल, आणि शेवटी लोकांच्या लक्षात तोच आवाज राहील. श्रावस्तीने माझी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आणि मग एके सकाळी पश्चिमेचा वारा सुटला. धूर उडाला. आकाश असं निळं झालं की रस्त्यावर लोक थांबून त्याचे फोटो काढायला लागले. सगळं कुटुंब हसत हसत आलं. दादारावांनी मास्क खिशात घातला होता. कौसल्याबाईंनी लाडू आणले होते. भूषणने बूट काढले आणि माझ्यावर चढला. तळवे नेहमीपेक्षा जास्त गरम होते. त्याला वर चढायची तशी आता फारशी गरजही नव्हती, तो थोडा वाकून उभा राहिला.

"टोचे, दार उघड!" तो म्हणाला.

'टोचे' गच्चीवरून आलं, आणि 'दार उघड' तळघरातून.

अनुरागने केबल तपासली. मग केबल बदलली. मग हेडफोन बदलला. बिचाऱ्याला अजूनही यंत्रावरच भरवसा होता.

"परत एकदा, राजा," अरुणाताई म्हणाल्या. आवाज पुन्हा तसाच फाटला.

"अजून थोडी हवा खराब आहे, मावशी," भूषण म्हणाला.

दादारावांनी मोबाइल काढून बघितला. "नाही रे. आज तर समाधानकारक दाखवतंय."

  भूषण माझ्यावरून उतरला, बूट हातातच घेतले आणि बाहेर गेला. लाडवांचा डबा कुणी उघडला नाही.

मलाही खोलीतून बाहेर काढलं. बाकाशेजारी ठेवलं. माझ्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग सामोशाच्या प्लेटा, मग पाण्याचा मोठा जार. ज्याच्यावर बोच्या उभा राहायचा त्याच्यावर जार! दिवसभर माणसं येत, माझ्या डोक्यावरचं पाणी पीत आणि जात. अरुणाताईंनी तीन-चार मुलांचे आवाज घेऊन बघितले. एकाने बोच्याचं भांडण शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं आणि शेवटी हात जोडून नमस्कार केला. दुसरा माइक बघून खरंच रडला, पण संवाद म्हणेना. शेवटी अरुणाताईंनी श्रावस्तीला बोलावलं.

"बोच्या तू कर," त्या म्हणाल्या. "मुलग्यांचे आवाज मुलींनी करायची पद्धतच आहे आमच्यात. आणि त्याची नक्कल तुझ्याइतकी कुणाला येते?"

"नको मावशी. तो माझ्याशी बोलणार नाही."

"तसाही कुठे बोलतो?"

"भांडतो तरी."

"मग मुंबईला जाऊ दे?"

 मग श्रावस्ती म्हणाली, ट्रायल देते. त्या दिवशी कौसल्याबाई भूषणला हाताला धरूनच घेऊन आल्या. घरी एकटा बसून किती दिवस भिंतीकडे बघणार, असं त्यांचं म्हणणं. तो काचेपलीकडे अनुरागच्या शेजारी बसला, हाताची घडी घालून. माझ्यावरचा जार उतरवला. मी पुन्हा माइकसमोर आलो.

श्रावस्ती माझ्यावर उभी राहिली आणि बोच्या बोलायला लागली. काय सांगू! तिने बोच्याला शेंबडा केला, किरकिरा केला, वर जरा बोबडाही केला. अरुणाताईंनी कपाळाला हात लावला असणार. पण मला खरं कळत होतं. तिची उजवी टाच माझ्यावर सपाट पडली होती, जरासुद्धा उचलली नव्हती. पोरगी नापास व्हायचं ठरवून आली होती. भावाचा बोच्या आपण हिसकावून घ्यायला नको, एवढंच तिला कळत होतं. तो मुंबईला गेला तर जाऊ दे, पण आपल्यामुळे नको.

एक संवाद झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला काचेपलीकडून कुणीतरी बोलायचं बटण धाडकन दाबलं.

"ताई, काय करतेयस तू? बोच्या असा रडका नाहीये!"

"तू तर रडकाच होतास."

"मी असेन. बोच्या नाहीये. त्याला राग येतो, रडू नंतर येतं. तू पहिल्यापासूनच रडतेयस."

"मला नाही जमत. मुंबईचा कुणीतरी करेल छान."

"मुंबईचा का करेल? त्याला काय माहितीये बोच्याबद्दल?" भूषणचा आवाज वरून खाली घसरला, पुन्हा वर चढला, पण या वेळी त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "त्याला हेसुद्धा माहीत नसेल की बोच्या दार वाजवताना पाय पण वाजवतो!"

"मग कोण करणार, सांग."

काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं. 

"तूच कर," भूषण शेवटी म्हणाला. "पण नीट कर, यार."

आणि तो आत आला. बूट काढले. दोघं माझ्यावर उभी राहिली, दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून. इतक्या वर्षांत त्या खोलीत ती दोघं एका वेळी कधीच आली नव्हती.

"चिडला की तो आधी मोठा श्वास घेतो, आणि तरी वाक्य संपायच्या आत श्वास संपतो."

"माहितीये. रोज सकाळी बाथरूमच्या दारावर तेच करतोस."

"मग कर ना!"

तिने केलं. आणि माझ्यावरची ती उजवी टाच हळूच वर उचलली गेली.

आता शेवटच्या भागातला प्रसंग असा होता. टोची शिकायला हॉस्टेलला निघाली आहे. बोच्याने तिची बॅग लपवली आहे आणि तिने रागाने स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं आहे. टोचीचे संवाद श्रावस्तीने दिवाळीआधीच भरून ठेवले होते. त्यामुळे तिच्या हेडफोनमध्ये आता तिचाच आवाज तिला रागवत होता, आणि बोच्या होऊन तिला स्वतःचीच माफी मागायची होती. भूषणला हे कळलं तेव्हा त्याचे तळवे माझ्यावर नाचलेच.

"सॉरी टोचे," ती म्हणाली. "बॅग मी लपवली."

"परत," भूषण म्हणाला. "मनापासून नव्हतं."

"सॉरी टोचे. बॅग मी लपवली."

"परत. थोडी अजून लाज वाटू दे."

"मेरे हिसाब से तो ओके था," अनुराग काचेपलीकडून म्हणाला.

"भैया, सॉरी का मामला है. आप मत बोलो."

इतक्या वर्षांत दर भागात बोच्यानेच माफी मागितली होती. सगळी वसुली त्या दुपारी झाली. अरुणाताईंनी एकदाही थांबवलं नाही. मग दोघांच्या वजनाने माझा वाकडा खिळा कुरकुरला. मी फार प्रयत्न केला, पण शेवटी लाकूड आहे.

"रोको!" अनुराग ओरडला. "पेटी बोल रही है!"

भूषण खाली उतरला. मला वाटलं, आता जाईल. पण तो जमिनीवर बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी, छातीशी धरल्यासारखं, गच्च धरून ठेवलं. मी हललो नाही. तोही हलला नाही. वर ताई बोलत होती.

"सॉरी टोचे. बॅग मी लपवली. तू गेलीस की सोफ्यावर जागा होईल, सगळे म्हणतात. पण मला नकोय ती जागा."

या वेळी 'परत' कुणी म्हणालं नाही. भूषणचा गाल माझ्या रजईला टेकला होता, आणि तो थोडा ओला होता. हे मी फक्त तुम्हाला सांगतोय.

थोड्या वेळाने आईवडिलांना आत बोलावलं आणि सगळा प्रसंग पडद्यावर लावला. बोच्या दार वाजवत होता, पाय वाजवत होता, श्वास संपेपर्यंत ओरडत होता. कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बाई गं! आला की माझ्या लेकराचा आवाज! ते ज्येष्ठमधच हो, मी म्हटलं नव्हतं?"

"हवा सुधारली," दादाराव म्हणाले. "आज आकडाही चांगला होता."

तेवढ्यात मागून एक जाड, घोगरा आणि अगदी शांत आवाज आला.

"आई, मी इथे आहे."

दादाराव दचकून वळले. त्यांनी दारात बघितलं, अनुरागकडे बघितलं, मग नेहमीपेक्षा जरा वर बघितलं. मुलगा त्यांच्या खांद्याच्या वर पोचला होता. पडद्यावर बोच्या बोलतच होता, आणि श्रावस्ती भिंतीला टेकून हसू दाबत होती. कौसल्याबाई एकदा पडद्याकडे बघत, एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे. मग त्यांनी हात उंच करून मुलाचं डोकं कुरवाळलं आणि म्हणाल्या, "केव्हा झालं रे हे? सगळी घरातच तर होतो आपण."

मित्रांनो, मी एक साधा खोका. मला उपदेश करायचा अधिकार नाही. माझ्या पोटात फोम आहे. पण तुमच्या घरात आत्ता जो आवाज 'आई, बघ ना!' म्हणून केकाटतोय, तो कायम तिथे राहील असं समजू नका. तो एक दिवस न सांगता निघून जातो, आणि घरातली शहाणी माणसं तेव्हा हवेचा आकडा बघत असतात. श्रावस्तीकडे तिच्या भावाचा आवाज राहिला, कारण त्याला चिडवताना ती त्याला नीट ऐकत आली होती. तेव्हा भांडा, खुशाल भांडा. फक्त भांडताना समोरच्याचं ऐका. त्याचा श्वास कुठे संपतो, तेवढं तरी तुम्हाला ठाऊक असू द्या.